मालमोटारीचे एंजिन अडखळते तेव्हा

झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई उभी राहते. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ ज्याने वाचले असेल, त्याला 1857-58 सालच्या धामधुमीतील हे शहरही आठवेल. गोडसेभटजींच्या काळी दक्षिणेतून या मुलखात पोहोचावयाचे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा प्रवास होता. आज त्याच मुलखातून मालमोटारींचा प्रवाह अहोरात्र वाहत असतो. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा 44 क्रमांकाचा आणि पोरबंदरहून सिल्चरला जाणारा 27 क्रमांकाचा, असे देशातील दोन अतिदीर्घ राष्ट्रीय महामार्ग झाशीपाशी एकत्र येतात. नागपूरकडून दिल्लीकडे निघालेली संत्री, कानपूरकडून येणारा माल, बुंदेलखंडातील खाणींची खडी हे सारे याच चौफुलीवरून पुढे जाते. जेथे रस्ते मिळतात तेथे गाड्या थांबतात आणि जेथे गाड्या थांबतात तेथे त्या दुरुस्त करणारे मिस्त्रीही वस्ती करतात.

या मिस्त्रींकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये एक तक्रार फार जुनी आहे. चालक गाडी उभी करतो, एंजिन बंद न करता खाली उतरतो आणि म्हणतो, “उस्ताद, गाड़ी मिसिंग कर रही है.” महाराष्ट्रातील गॅरेजांतही ‘मिसिंग’ किंवा ‘एंजिन मिस मारते’ असेच म्हणतात. एंजिन चालू असते, गाडी पुढेही जाते; परंतु तिच्या चालीत ठराविक अंतराने ठेच लागते, चढावर जोर राहत नाही, आणि धुराड्यातून निघणारा धूर नेहमीपेक्षा वेगळा दिसतो.

हा दोष दिसावयास किरकोळ असतो. त्याचे निदान चुकले तर मात्र तो फार महागात पडतो. आपल्या देशात असंख्य ट्रकमालकांकडे एकच ट्रक असतो आणि कित्येकदा मालक स्वतःच तो चालवीत असतो. एंजिन उघडले की गाडी काही दिवस उभी राहते. त्या दिवसांचे भाडे बुडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, आणि गाडीत फळे किंवा भाजीपाला असेल तर मालाचेही नुकसान होते. म्हणून ‘कोणता भाग बदलावा’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘दोष कोठे आहे’ हा प्रश्न कसा सोडवावा, हे जाणून घेणे केवळ मिस्त्रीलाच नव्हे, तर गाडीच्या मालकालाही उपयोगाचे आहे.

सहा सिलिंडरांची पाळी

येथे आपण ज्या गाडीचा विचार करणार आहोत ती जुन्या पद्धतीची डिझेल मालमोटार होय. टाटा कंपनीने जर्मनीतील डाइम्लर-बेंझ या कंपनीच्या सहकार्याने 1954 साली जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. हा करार 1969 पर्यंत चालला. त्यानंतर गाडीच्या तोंडावरील तीन टोकांची चांदणी गेली. परंतु एंजिनाची मूळ घडण पुढे दीर्घकाळ कायम राहिली. या एंजिनांना इंधन पुरविणारे पंप आणि नोझल ज्या ‘मायको’ कंपनीचे असत, ती बॉश कंपनीच्या सहकार्याने 1951 साली बंगळूर येथे स्थापन झाली होती. मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या या एंजिनांवरच हात बसवून तयार झाल्या. अशा जुन्या गाड्या अजूनही जिल्ह्याजिल्ह्यांत खडी, वाळू, विटा आणि पाण्याच्या टाक्या वाहताना दिसतात.

डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली आउग्सबुर्ग येथे जे यंत्र यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व असे की हवा अतिशय जोराने दाबली म्हणजे ती तापते आणि त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. ट्रकच्या एंजिनात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सिलिंडरातील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो. तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्याही वर जाते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून इंधनाचा फवारा आत येतो. हे इंधन किती असते? गाडी पूर्ण भाराने चढ चढत असली तरी एका वेळी एका सिलिंडरात जेमतेम एका टपोऱ्या थेंबाएवढे डिझेल जाते. कित्येक टनांचे ओझे ओढण्याचे बळ या थेंबाथेंबांतून येते.

यावरून एक साधा नियम निघतो. सिलिंडरात ज्वलन नीट होण्यास तीन गोष्टी लागतात: हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे, इंधन योग्य प्रमाणात आणि बारीक फवाऱ्याच्या रूपाने आले पाहिजे, आणि ते योग्य वेळी आले पाहिजे. दाब, इंधन आणि वेळ या तिहींपैकी एक जरी चुकली तरी तो सिलिंडर आपली पाळी चुकवितो. एंजिन अडखळते ते त्यामुळेच.

सहा सिलिंडर एकाच वेळी पेटत नाहीत. त्यांची पाळी ठरलेली असते. बहुतेक सहा सिलिंडरी ट्रकएंजिनांत हा क्रम 1-5-3-6-2-4 असा असतो. चार धावांच्या एंजिनात मुख्य दंडाच्या, म्हणजे क्रँकच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. उभ्या गाडीचे एंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा आणि सहा मिळून तीस वेळा पेटतात. तीस ठोक्यांचा हा प्रवाह कानाला सलग वाटतो. त्यातील एक सिलिंडर मुका झाला की सेकंदाला पाच रिकाम्या जागा पडतात, आणि त्या मात्र कानाला स्पष्ट जाणवतात. तबल्याच्या ठेक्यातील एक बोल प्रत्येक आवर्तनात गळावा, तसा हा प्रकार आहे. अनुभवी मिस्त्री एंजिनाला हात लावण्यापूर्वी काही वेळ नुसता ऐकत उभा राहतो, त्याचे कारण हेच.

आधी प्रश्न, मग पाना

ऐकताना मिस्त्री मनाशी एक वर्गीकरण करीत असतो. निदानाची सारी पद्धत या वर्गीकरणावर उभी आहे.

ठेच नियमित असेल, म्हणजे प्रत्येक आवर्तनात त्याच जागी येत असेल, तर दोष एकाच सिलिंडराचा आहे आणि त्याचे कारण त्या सिलिंडराच्या खासगी मालकीच्या वस्तूंत शोधावयास हवे. त्याचा नोझल, त्याला इंधन देणारा पंपाचा भाग, त्याच्या झडपा, त्याच्या दट्ट्याच्या रिंगा, एवढीच त्याची मालमत्ता. ठेच अनियमित असेल, कधी लागत असेल, कधी नाही, आज या सिलिंडरात तर उद्या त्या सिलिंडरात असे वाटत असेल, तर कारण सहाही सिलिंडरांच्या सामाईक वस्तूंत असते: टाकी, नळ्या, इंधन खेचणारा फीड पंप, फिल्टर. सहाही सिलिंडर सारखेच निर्जीव झाले असतील, तर पंपाची वेळ सरकलेली असेल किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला असेल. आणि शेजारचे दोनच सिलिंडर एकदम मुके झाले असतील, तर त्या दोघांच्या मधली हेड गॅस्केट फुटून एकाचा दाब दुसऱ्यात जात असण्याचा संभव मोठा असतो.

यानंतर चालकाला प्रश्न विचारावयाचे. दोष कधीपासून सुरू झाला? सकाळी थंड असताना होतो की वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर? चढावर की मोकळ्या उभ्या गाडीत? शेवटचे डिझेल कोठे भरले? फिल्टर केव्हा बदलला? याआधी दुसऱ्या कोणी गाडीला हात लावला होता काय? वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करतो, तशीच ही चौकशी आहे. कालच्या दुरुस्तीनंतर आज दोष उद्‌भवला असेल, तर प्रथम कालची दुरुस्तीच तपासणे शहाणपणाचे.

धुराचा रंगही साक्ष देतो. पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलची वाफ. सिलिंडरात इंधन येते आहे, परंतु ते पेटत नाही, असा त्याचा अर्थ. झाशीत जानेवारीच्या धुक्यात पारा बराच खाली उतरतो. अशा पहाटे जुने एंजिन चालू होताना थोडा पांढरा धूर सोडते आणि तापल्यावर तो थांबतो. एवढ्यावरून काळजी करण्याचे कारण नाही. एंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर मात्र दाब कमी पडत असल्याची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे इंधन अर्धवट जळते आहे: ते प्रमाणाबाहेर येत असेल, हवा अपुरी पडत असेल, किंवा नोझल फवारा न मारता नुसता ठिबकत असेल. निळा धूर म्हणजे वंगणाचे ऑइल जळते आहे, आणि ते बहुधा झिजलेल्या रिंगांतून किंवा झडपांच्या मार्गिकांतून वर येते.

दोष अनियमित असेल तर पहिली शंका हवेची घ्यावी. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपात हवेचा बुडबुडा शिरला की पंप इंधन ढकलण्याऐवजी तो बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. ही हवा कोठून येते, हे समजून घेण्यासारखे आहे. फीड पंपाच्या पुढच्या नळीत दाब असतो. तेथील जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकताना दिसते. परंतु टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते. तेथील जोड सैल असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. म्हणून कोरडी दिसणारी नळी निर्दोष मानू नये. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारला असता प्रथम फेस येतो आणि मग बुडबुड्यांवाचून स्वच्छ धार लागते. पुन्हा पुन्हा फेस येत राहिला तर टाकीकडचा प्रत्येक जोड, वॉशर आणि रबरी नळी तपासावी. या तपासणीला काही रुपयांपलीकडे खर्च येत नाही, म्हणूनच तिचा क्रम पहिला.

दोषी सिलिंडर कसा ओळखावा

ठेच नियमित असेल तर सहांपैकी कोणता सिलिंडर मुका आहे हे शोधावयाचे. यासाठी फार जुनी आणि बिनखर्चाची एक चाचणी आहे. एंजिन मंद गतीने चालू ठेवावे. पंपापासून निघालेल्या सहा पोलादी नळ्यांपैकी पहिल्या नळीचा नोझलकडील नट पान्याने अर्धा फेरा सैल करावा. डिझेल नटापाशीच गळू लागते, नोझल उघडत नाही, आणि तो सिलिंडर आपण होऊन बंद पडतो. तो सिलिंडर निरोगी असेल तर एंजिनाचा आवाज तत्काळ बदलतो, गती उतरते, थरथर वाढते. नट पुन्हा घट्ट करावा आणि दुसऱ्या नळीकडे वळावे. असे करीत ज्या नळीचा नट सैल केल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता असे समजावे. कामावर न आलेल्या माणसाला रजा दिली तरी कारखान्याच्या उत्पादनात फरक पडत नाही, हाच येथील तर्क आहे.

कधी कधी नट सैल करताच एंजिनातील कर्कश ठोका एकदम थांबतो. अशा वेळी तो सिलिंडर मुका नसून त्याचा नोझल अवेळी ठिबकत असतो. हाही दोष याच चाचणीने उघड होतो.

येथे दोन इशारे देणे आवश्यक आहे. पहिला असा की इंधनाच्या फवाऱ्यासमोर बोट किंवा तळहात कधीही धरू नये. नोझलमधून निघणारी धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, प्रारंभी फारशी दुखतही नाही, परंतु आत गेलेले डिझेल मांस नासवते आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास पट्टी बांधून कामाला न लागता तडक रुग्णालय गाठावे. दुसरा इशारा असा की ही चाचणी जुन्या पंपाच्या एंजिनांपुरतीच आहे. अलीकडच्या ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या ट्रकमध्ये इंधनाचा दाब एक हजार वातावरणांच्याही पुष्कळ वर असतो. तेथे चालू एंजिनाचा नट सैल करणे म्हणजे प्राणाशी खेळ होय.

नोझल, पंप की दाब?

समजा, पाचवा सिलिंडर मुका निघाला. आता तिहींपैकी कोणती गोष्ट चुकली आहे? येथे अननुभवी माणूस नवा नोझल आणावयास बाजारात जातो. जाणता मिस्त्री मात्र अदलाबदल करतो. पाचव्याचा नोझल काढून दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पाचव्यात बसवितो, आणि मग पुन्हा नट सैल करून पाहतो. मुकेपणा दुसऱ्याकडे गेला तर दोष नोझलचा. तो पाचव्यातच राहिला तर नोझल निर्दोष ठरला, आणि त्याची किंमत वाचली.

दोष नोझलमध्ये असेल तर तो नोझल तपासणीच्या हातयंत्रावर चढवितात. नोझलमधील सुई एका स्प्रिंगने दाबून धरलेली असते. इंधनाचा दाब पुरेसा चढला, म्हणजे अनेक ट्रकएंजिनांत सुमारे दोनशे वातावरणांच्या घरात गेला, की सुई क्षणभर उचलली जाते आणि फवारा सुटतो. चांगला नोझल दांडा दाबताच करकर असा आवाज करीत धुक्यासारखा बारीक, सारखा फवारा मारतो आणि थांबल्यावर त्याचे टोक कोरडे राहते. टोकाशी थेंब लोंबत असेल, फवाऱ्याऐवजी धार येत असेल किंवा एकीकडेच फवारा जात असेल, तर तो नोझल साफ करावा, त्याची स्प्रिंग जुळवावी, आणि तेवढ्याने न भागल्यास बदलावा.

नोझल निर्दोष ठरल्यास पाचव्या नळीतून इंधन येते की नाही ते पाहावे. येत नसेल तर पंपातील त्या सिलिंडराचा भाग बिघडला आहे: निर्गम झडपेची स्प्रिंग तुटली असेल, किंवा प्लंजर अडकला अथवा झिजला असेल. प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दोन-चार पट असते. माणसाचा केस तिच्याहून कितीतरी जाड. असा पंप रस्त्याच्या कडेला धुळीत उघडणे म्हणजे तो कायमचा गमावणे. ते काम पंप-नोझलच्या बंदिस्त कार्यशाळेतच व्हावे. तेथे सहाही नळ्यांतून सारखेच इंधन येते की नाही हे यंत्रावर मोजून पाहता येते.

इंधन ठीक येत असेल तर उरला तो दाब. येथेही एंजिन उघडण्याची घाई नको. प्रथम वरचे झाकण काढून टॅपेटची फट पाहावी. झडप उघडणारा रॉकर आणि झडपेची दांडी यांच्यात कंपनीने ठरवून दिलेली बारीक फट असावी लागते. ती नाहीशी झाली असेल तर झडप पुरती मिटत नाही, दाब निसटतो आणि सिलिंडर पेटत नाही. फट जुळविण्याची मिस्त्रींची रीत मोठी सुबक आहे. 1-5-3-6-2-4 या क्रमात पहिला व सहावा, दुसरा व पाचवा, तिसरा व चौथा हे दट्टे जोडीने वरखाली होतात. प्रत्येक जोडीची बेरीज सात येते. पाचव्याची फट जुळवावयाची असेल तर दुसऱ्याच्या दोन्ही झडपा हलू लागेपर्यंत एंजिन हाताने फिरवावे. त्या स्थितीत पाचव्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात.

पुष्कळदा गोष्ट एवढ्यावरच संपते. ज्या गाडीला ‘हाफ एंजिन करावे लागेल’ असे ऐकविलेले असते, ती एक पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि फट मोजण्याची पट्टी एवढ्या साधनांनी तासाभरात रस्त्याला लागते. मात्र तीच फट महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा मिटली, तर झडप आपल्या बैठकीत खचत आहे असे समजून पुढच्या मोकळ्या दिवसांत हेड उतरवावे.

फट बरोबर असूनही दाब कमी असेल तर नोझलच्या जागी दाबमापक लावून सहाही सिलिंडर मोजावेत. येथे एखाद्या सिलिंडराच्या निव्वळ आकड्यापेक्षा सहांमधील फरक अधिक बोलका असतो. पाच सारखे आणि एक बराच खाली, असे दिसले म्हणजे गळती निश्चित. ती कोठून होते, हे कानानेही कळते. हवा आत घेणाऱ्या नळीत फुसकारा ऐकू आला तर आत घेणारी झडप गळते. धुराड्यात ऐकू आला तर बाहेर सोडणारी. ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने वाफ येत असेल, ज्याला मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, तर रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठत असतील तर गॅस्केट गेली आहे. एवढे पाहून झाल्यावर मग एंजिन उघडावे. उघडणाऱ्याला तेव्हा आत काय सापडणार हे आधीच ठाऊक असते.

दोषामागचा दोष

एंजिन पुन्हा सुरेल झाले म्हणजे काम संपले, असे चालकाला वाटते. वास्तविक एक प्रश्न शिल्लक राहतो: नोझल बिघडला, तो का बिघडला?

बुंदेलखंडाच्या खडीच्या खाणींभोवती धूळ अशी उडते की झाडांची पाने पांढरी पडतात. हवेच्या फिल्टरची हेळसांड झाली तर हीच धूळ लायनर आणि रिंगा खाते. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते; ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि एके दिवशी पंपापर्यंत पोहोचून त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागांना गंज चढविते. टाकीच्या तळाचा प्लग अधूनमधून सोडून हे पाणी काढून टाकणे, फिल्टर मुदतीत बदलणे आणि भरताना डिझेल गाळून घेणे, ही कामे क्लीनरच्या हातची आहेत. त्यांना कौशल्य लागत नाही, सवय लागते.

इंधनाच्या भेसळीचा प्रश्न याहून बिकट आहे. पंप आणि नोझल यांना स्वतंत्र वंगण मिळत नाही. डिझेल हेच त्यांचे वंगण. रॉकेलमध्ये तो स्निग्धपणा पुरेसा नसतो. स्वस्त रॉकेल मिसळलेले डिझेल वापरणाऱ्या गाडीचा पंप आतून हळूहळू झिजतो, आणि ज्याने भेसळ केली तो नामानिराळा राहून भुर्दंड ट्रकमालकावर पडतो. या धंद्यात किती पैसा आणि किती क्रौर्य गुंतलेले होते, हे महाराष्ट्राने 25 जानेवारी 2011 रोजी पाहिले. त्या दिवशी मनमाडजवळ तेलाच्या भेसळीचा प्रकार रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यापूर्वी, नोव्हेंबर 2005 मध्ये, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांचा अशाच कारणावरून खून झाला होता. गॅरेजमध्ये तासून निघालेला प्लंजर हातात घेतला असता त्याच्या मागे एवढी मोठी गोष्ट उभी असू शकेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

एप्रिल 2020 पासून देशभर भारत-6 हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले. आजच्या नव्या मालमोटारींत इंधनाची मात्रा आणि वेळ संगणक ठरवितो, आणि कोणता सिलिंडर पाळी चुकवितो हेही तोच पडद्यावर दाखवितो. कानाने ऐकण्याची आणि नट सैल करण्याची विद्या त्या गाड्यांपुरती संपली. परंतु संगणक सांगतो तो सिलिंडराचा क्रमांक. त्याचे कारण दाबात आहे, इंधनात आहे की वेळेत, हे माणसालाच शोधावे लागते. दोष सामाईक की एकट्याचा हे आधी ठरवावे, बिनखर्चाची तपासणी आधी आणि खर्चाची नंतर करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि दोष सापडल्यावरही त्याचे मूळ शोधल्यावाचून थांबू नये, हा क्रम जुन्या गाडीला जितका लागू आहे तितकाच नव्यालाही.

झाशीच्या चौफुलीवर संध्याकाळी गाड्या एकामागून एक मार्गाला लागतात. दुरुस्त झालेली जुनी गाडी निघताना मिस्त्री हात पुसत क्षणभर थांबतो आणि ती गियर बदलीत चढ चढू लागेपर्यंत ऐकत राहतो. सहाही ठोके सलग ऐकू आले की मगच तो पुढच्या गाडीकडे वळतो.